दुसरी कॅसेट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसा शाळेत गणित शिकवत आणि रात्री नमन या आपल्याकडच्या लोकनाट्याच्या तालमीला जाऊन बसत. गाण्यातला थोरला-धाकटा हा भेद त्यांनी कधी मानला नाही. म्हणून त्यांच्या नावाने बोलताना मी एका कॅसेटबद्दल बोलणार आहे. ती शास्त्रीय संगीताची नाही, नाट्यगीतांचीही नाही. घरात बसून स्वतःच कॅसेट काढणाऱ्या एका पॉप गायकाची ती दुसरी कॅसेट. गायक रेमो फर्नांडिस, गाव गोव्याच्या बारदेस तालुक्यातलं शिवोली, कॅसेटचं नाव ‘ओल्ड गोवन गोल्ड’, साल 1985.

पहिलीबद्दल न बोलता दुसरीबद्दल का? पहिल्या कलाकृतीच्या मागे सगळं आयुष्य उभं असतं. विशी-पंचविशीपर्यंत साठलेलं, मित्रांत गाऊन घासूनपुसून घेतलेलं, नावडतं टाकून दिलेलं असं सगळं पहिल्या अल्बममध्ये येतं. दुसऱ्याच्या वाट्याला वर्ष-दीड वर्ष येतं, आणि वर लोकांची अपेक्षा. पहिलीच्या वेळी कोणी वाट पाहत नव्हतं, आता पाहतात. आणि ते ज्याची वाट पाहतात ती बहुतेक वेळा पहिलीच असते, फक्त नव्या वेष्टनात. इथे कलावंताला ठरवावं लागतं की लोकांना हवं ते पुन्हा द्यायचं, की आपल्याला जे दिसू लागलंय त्याच्या मागे जायचं. माझं म्हणणं साधं आहे. कलावंत कोण आहे हे दुसऱ्या कामात कळतं, आणि त्या कामात तो अनेक दिशांना फिरला असेल तर तो भरकटला असं म्हणण्याची घाई आपण करू नये.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ 1939 साली आला. हळवी, गोड, त्या काळाच्या वळणाची कविता. तीच वाट धरून ते आणखी चार संग्रह लिहू शकले असते आणि लोकांनी कौतुकही केलं असतं. 1947 साली दुसरा संग्रह आला, ‘काही कविता’. ओवी आणि अभंग हे आपले घरचे छंद घेऊन त्यांत गिरणी, यंत्र, शहरातली कळाहीन माणसं. एका पानावर प्रार्थना, दुसऱ्यावर किळस. लोक बिथरले, अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. आज मराठी कवितेचा इतिहास सांगताना आपण ‘शिशिरागम’पाशी थांबत नाही. तो दुसरा संग्रह नसता तर मर्ढेकर हे नाव एका ओळीत आटोपलं असतं.

गणपतीपुळ्याहून चालत जाता येईल अशा मालगुंडात 1866 साली केशवसुत जन्मले. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही, हरिभाऊ आपट्यांनी ते काम त्यांच्या पश्चात केलं. दुसऱ्या पुस्तकाचा प्रश्न पडण्याएवढीही सवड ज्याला मिळाली नाही, त्या कवीचं स्मारक 1994 पासून आपल्या शेजारी उभं आहे. पहिल्या पुस्तकाला प्रकाशक मिळणं ही गोष्ट आपण समजतो तितकी साधी नाही, हे या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता शिवोलीला जाऊ.

रेमो मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकला. सत्तरच्या दशकात तिथल्या ‘द सॅव्हेजेस’ या बँडमधून वाजवत होता. मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, तिथल्या वादकांत मिसळला आणि परत गावी आला. त्या वेळी भारतात इंग्रजीतून गाणारे बँड होते, पण त्यांतले बहुतेक परदेशी गाणी हुबेहूब वाजवत, आणि लोक त्यासाठीच तिकीट काढत. आपल्या गावाबद्दल, आपल्या टेलिफोनबद्दल, आपल्या पावसाबद्दल इंग्रजीत गाणं लिहायचं आणि ते विकायचं, याला बाजार आहे असं कंपन्यांना वाटत नव्हतं. म्हणून त्याने कंपनीची वाटच सोडली. घरात चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतः दिले, वेष्टनाचं चित्र स्वतः काढलं, आणि 1984 साली ‘गोवन क्रेझी’ काढली. मग स्कूटरवर कॅसेट घालून दुकानादुकानांत नेऊन दिल्या.

चार ट्रॅक म्हणजे काय हे थोडं थांबून सांगतो, कारण ते कळलं की या माणसाने काय केलं त्याचं वजन कळतं. साध्या कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीची असते. आपण ऐकतो त्या कॅसेटमध्ये या फितीवर चार रेघा असतात, दोन एका बाजूच्या, दोन उलटवल्यावरच्या. 1979 पासून बाजारात आलेल्या घरगुती चार-ट्रॅक यंत्रात या चारही रेघा एकाच दिशेला वापरल्या. म्हणजे एकीवर गिटार, दुसरीवर ढोल, तिसरीवर बासरी, चौथीवर गळा. कॅसेट उलटवायची सोय गेली, आणि आवाज चांगला यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने फिरवायची पद्धत होती. मग साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये काम होणार पंधरा मिनिटांचं.

पण गाण्याला चारच आवाज पुरतात कुठे? कोरस हवा, दुसरं गिटार हवं, टाळ्या हव्यात. त्यावर तोड अशी: तीन रेघा भरायच्या, त्या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, आणि पहिल्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. प्रत्येक उतरवणीत फितीचा खरखराट थोडा वाढतो, आणि एकदा मिसळलेलं परत सुटं करता येत नाही. ढोल मोठा झाला असं तिसऱ्या दिवशी वाटलं तर पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे या पद्धतीने काम करणाऱ्याला पूर्ण गाणं आधी डोक्यात ऐकू यावं लागतं. कोणतं वाद्य कुठे बसणार, कोणाला मागे ठेवायचं, हे पहिली रेघ भरण्याआधी ठरलेलं असावं लागतं. नमनातला मृदंगवाला कसा पुढची पाच वळणं हातात धरून पहिली थाप मारतो, तसं. आज संगणकावर शंभर ट्रॅक घेऊन काम करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. हे कळल्यावर त्यांचं काम सुधारतं.

‘गोवन क्रेझी’ गोव्याच्या तरुणांनी उचलून धरली. त्यात इंग्रजी गाणी होती, विषय मात्र घरचे. इतकं जमल्यावर पुढची पायरी कोणालाही सांगता आली असती: आणखी एक ‘गोवन क्रेझी’. तशीच इंग्रजी, तशीच टोलेबाजी, विषय म्हणून वीज, एसटी, पंचायत.

वर्षभराने आली ‘ओल्ड गोवन गोल्ड’. त्यात कोकणी आणि पोर्तुगीजमधली जुनी पारंपरिक गाणी होती.

आमच्या घरी ही कॅसेट सावंतवाडीच्या एका नातलगाकडून आली. ज्यांना पहिली आवडली होती अशा तरुणांचे चेहरे पडलेले मी पाहिले आहेत. ही तर आजीची गाणी, असं ते म्हणत. आणि ज्यांच्या आजीची गाणी होती त्या घरांतले वडीलधारे वेगळ्या कारणाने अस्वस्थ झाले. मांडोच्या मागे गिटारची अशी चाल, अशी लय? दोन्हीकडची नाराजी ओढवून घेणं हे दुसऱ्या कामाच्या नशिबी असतंच.

मांडो हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या, विशेषतः सासष्टीतल्या ख्रिस्ती गावकर घराण्यांत तो घडला. शब्द कोकणी, स्वरांची बांधणी युरोपीय, लय संथ, मनात विरह. लग्नघरी जोडपी समोरासमोर उभी राहून हातातल्या पंख्यांसह संथपणे नाचत. मांडो संपला की लगेच दुल्पद येतं, लय चढते, आणि गावातल्या गमती, टोमणे, नावं घेऊन केलेली थट्टा सुरू होते. देखणी ही आणखी निराळी, तिच्यात आपल्या कलावंतिणींच्या नाचाचं रूप ख्रिस्ती घरांनी आपल्या परीने उभं केलेलं. देखणीची एक चाल 1973 च्या ‘बॉबी’मधून साऱ्या देशाने ऐकली.

या गाण्यांना ताल असतो घुमटाचा. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, ते आता कायद्याने बंद, बकऱ्याचं लावतात. उजव्या हाताने थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडायचं-झाकायचं, त्याने गोलसर, खालचा आवाज निघतो. मांडोत वाजणारं हेच घुमट गणपतीच्या दिवसांत गोव्यातल्या हिंदू घरांत आरतीला वाजतं. गोवा सरकारने 2019 साली त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. वारसा ठरवण्याआधी चौतीस वर्षं शिवोलीतल्या एका पॉप गायकाला आपल्या जुन्या गाण्यांकडे वळावंसं वाटलं, याची नोंद व्हायला हवी.

आणि ही कॅसेट आली ते दिवस कसले होते? गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटत होतं. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत दोन तट होते, रस्त्यावर रक्त सांडलं. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं. आपण मराठीच्या बाजूचे श्रोते, आपल्या मनात त्या वादाचे काही व्रण असतील. मी आज त्या वादात शिरत नाही. एवढंच म्हणतो की ज्या काळात भाषा म्हणजे घोषणा झाली होती, त्या काळात एका पॉप गायकाने कोकणी आणि पोर्तुगीज दोन्ही शेजारी ठेवल्या आणि दोन्हींत गायला. राजकारणातल्या माणसाला ते जमलं नसतं. गाण्याला जमलं.

या दुसऱ्या कॅसेटमुळे पुढची दारं उघडली असं माझं मत आहे. 1985 मध्येच श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ आला. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दिवसांतलं एक गोवेकर घराणं, संगीत वनराज भाटियांचं, आणि त्यात रेमो गायला आणि दिसलाही. ज्याच्या गळ्यात ती जुनी गाणी मुरली होती, त्यालाच हे साधणार होतं. नंतर 1986 मध्ये अमली पदार्थांविरुद्धची ‘पॅक दॅट स्मॅक’, 1987 मध्ये ‘बॉम्बे सिटी’, त्याच वर्षी ‘जलवा’चं शीर्षकगीत, मग हिंदी चित्रपट, आणि 2007 साली पद्मश्री. हिंदीतलं त्याचं यश सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्यावर वेळ घालवत नाही. त्याच्या पुढच्या गाण्यांत बासरी, गिटार आणि ढोल एकमेकांशी भांडत नाहीत, ते वळण मला त्या दुसऱ्या कॅसेटमध्ये दिसतं. पहिलीत तो गोव्याबद्दल गात होता. दुसरीत गोवा त्याच्यातून गाऊ लागला.

जगात इतरत्रही हे घडलं आहे, आणि त्यातलं एक उदाहरण आपल्या पाचगणीशी बांधलेलं आहे. फारूख बलसारा हा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या ‘क्वीन’ या बँडचा पहिला अल्बम 1973 चा, दुसरा मार्च 1974 चा. दुसऱ्यात त्यांनी तबकडीच्या बाजूंना एक आणि दोन म्हटलंच नाही. एक पांढरी बाजू, तीत मुख्यतः ब्रायन मे याची गाणी, आणि एक काळी बाजू, ती संपूर्ण मर्क्युरीची. काळ्या बाजूवर राक्षसांची लढाई आहे, मिनिटभराचं पियानोवरचं विरहगीत आहे, लंडनच्या टेट संग्रहालयातल्या रिचर्ड डॅडच्या एका चित्रावरून केलेलं हार्पसिकॉर्डचं गाणं आहे, आणि चार-पाच चाली पोटात घेणारी एक लांबलचक रचना आहे. समीक्षकांतल्या अनेकांनी नाकं मुरडली. ब्रिटनमध्ये तो पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ 1975 ची, पण तिची तालीम या काळ्या बाजूवर झाली हे कान देऊन ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आता घरचं बोलू, आणि थोडं स्पष्ट बोलू. 1998 साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आला. चित्रपटाचा आधार नाही, नाटकाचा नाही. कवी स्वतः कविता म्हणतो, मग गायक ती चाल धरतो, आणि पाऊस दोघांच्या मधून पडत राहतो. मराठीत स्वतंत्र अल्बम तरुणांच्या ओठावर बसू शकतो हे ‘गारवा’ने दाखवलं आणि त्याचं ऋण मोठं आहे. पुढे ‘सांज गारवा’ आला. तो मी अनेकदा ऐकला. चाली चांगल्या आहेत, शब्दही. पण नावापासूनच तो पहिल्याचा हात धरून चालतो. मला त्यात या दोघांचा नवा चेहरा हवा होता, तो कमी दिसला. याउलट संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’चं यश हाती असताना मुलांची गाणी केली, तीही तितक्याच गांभीर्याने. प्रेमकवितेचा ठरलेला श्रोता सोडून पहिली-दुसरीतल्या मुलासाठी शब्द शोधायचा, याला धैर्य लागतं. त्या बालगीतांनी मराठी घरांत जे केलं ते त्यांच्या प्रेमगीतांइतकंच टिकेल.

नुसती विविधता म्हणजे गुण नव्हे, हेही सांगायला हवं. एक गाणं लावणीच्या ढंगाचं, एक सूफी, एक रॅप, एक अंगाई, अशी मांडामांड करून अल्बम होत नाही. अनेक अल्बम मी असे ऐकतो ज्यांत प्रत्येक गाणं निराळं आहे, पण गाणारा माणूस कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. कशाने तरी बांधलेलं असावं लागतं. ‘ओल्ड गोवन गोल्ड’मध्ये भाषा दोन, पण सगळी गाणी एकाच गोव्याची. ‘क्वीन’च्या दुसऱ्या अल्बममध्ये एकावर एक चढवलेल्या गळ्यांचा तो ठसा. गायकाचा आवाज म्हणा, गाव म्हणा, एखादं वाद्य म्हणा, काहीतरी कायम राहिलं की बाकी कितीही फिरायची मुभा असते.

ही मुभा आपण रत्नागिरीचे लोक तर पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. नमन पाहा. आधी गण, मग गवळण, मावशीची फिरकी, संकासुराची धावपळ, मग वग. एका रात्रीत भक्ती, थट्टा, शृंगार, युद्ध. चाली कधी पारंपरिक, कधी कालपरवाच्या सिनेमातल्या. जाखडीत, म्हणजे बाल्या नाचातही तेच. गणपतीत बाल्या नाचवाले अंगणात आले की शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब चालतात, त्यात पुराणातलं कोडं असतं आणि गावच्या रस्त्याची तक्रारही असते. कोणी उठून म्हणत नाही की तुम्ही आज एकाच रसात का राहिला नाहीत. घुंगरांचा आणि मृदंगाचा ठेका पायाखाली आहे, तोवर शाहीर कुठेही जाऊन येऊ शकतो. जो श्रोता हे अंगणात बसून पहाटेपर्यंत ऐकतो, तोच श्रोता एखाद्या तरुण बँडला मात्र सांगतो की तुमचं ते पहिलं गाणं होतं ना, तसंच करा. हे मला पटत नाही.

आजची अडचण वेगळी आहे. कॅसेट गेली, सीडी गेली. रत्नागिरी, चिपळूण, देवरूखच्या महाविद्यालयांतली मुलं खोलीत बसून गाणी करतात. रेमोच्या चार रेघांपेक्षा कितीतरी जास्त सोय त्यांच्या फोनमध्ये आहे, आणि दुकानादुकानांत स्कूटर फिरवण्याचीही गरज नाही. पण गाणी सुटी सुटी येतात. एक चाललं तर तसंच दुसरं, नाही चाललं तर बँड मोडला. दहा गाणी एकत्र ठेवून त्यांचा क्रम लावायचा, पहिल्या बाजूला काय आणि दुसऱ्या बाजूला काय याचा विचार करायचा, हे काम कोणी मागतच नाही. मग दुसरा अल्बम ही गोष्टच उरत नाही, आणि तिच्याबरोबर कलावंताला वळण घेण्याची जी एक हक्काची जागा होती तीही जाते. मला या मुलांची काळजी वाटते ती त्यांच्यात गुण नाहीत म्हणून नव्हे. त्यांना दुसरी संधी देणारं कोणी नाही म्हणून.

हे आपल्या हातात आहे. या किनाऱ्यावर दर वर्षी कार्यक्रम होतात, गावोगावी गणेशोत्सवात, जत्रेत, पर्यटकांसाठी मंच उभे राहतात. स्थानिक मुलांना एकदा बोलावलं जातं, टाळ्या पडतात, पुढच्या वर्षी नवे कोणी. माझी मंडळांना आणि आयोजकांना कळकळीची विनंती आहे. ज्या बँडला या वर्षी बोलवाल, त्याच बँडला पुढच्या वर्षीही बोलवा. मानधन आधीच ठरवा आणि वेळेवर द्या. अट एकच घाला: निम्मी गाणी नवी हवीत, आणि गेल्या वर्षीसारखी नकोत. आणि श्रोतेहो, ती नवी गाणी सुरू झाली की तुम्ही जुन्याची फर्माईश करू नका. पूर्ण ऐका, मग आवडलं नाही तर तसं त्यांना तोंडावर सांगा.